ओढायचं की ढकलायचं?

स्लायडिंग माइटर सॉच्या ४५ अंशांच्या बेव्हलचा स्टॉप या वेळी लावायचा असं ठरलं होतं, पण तो विषय पुढच्या आठवड्यावर टाकतोय. सांगलीच्या एका वाचकांचं पत्र आलंय आणि त्यातली अडचण बेव्हलच्या आधी सुटायला हवी. ते लिहितात, की गुण्या लावून ब्लेड फेन्सशी काटकोनात आणलं, चार इंची पट्टी चोख कापली जाते, पण शेल्फची बारा इंची फळी कापली की दुसऱ्या टोकाला अर्धा-पाऊण सूत फरक पडतो. शेवटी जाता जाता विचारलंय, "आमचे मिस्त्री मशीन स्वतःकडे ओढत कापतात, तुम्ही ढकलायला सांगता. त्यानं काय बिघडतं?"

बरंच बिघडतं. म्हणून आधी तेच घेतो.

साध्या माइटर सॉमध्ये ब्लेड वरून खाली येतं आणि परत वर जातं. स्लायडिंगमध्ये ते दांड्यांवरून फूटभर मागेपुढे सरकतं. आता ब्लेड फिरतं कुठल्या दिशेनं ते बघा, गार्डवर बाण कोरलेलाच असतो. तुमच्या बाजूचे दात खाली उतरतात, तळाशी फेन्सकडे धावतात आणि मागच्या बाजूनं वर चढतात. अशा फिरणाऱ्या चकतीला लाकडावर टेकवून स्वतःकडे ओढलं, तर ती गाडीच्या चाकासारखी लाकडावरून तुमच्याच दिशेनं पळायला बघते. दात कापण्याऐवजी लाकडावर चढतात. फळीत मध्येच गाठ आली की मोटर-ब्लेडचं पूर्ण मुंडकं झटक्यात अंगावर येतं. दहा इंची मशीनच्या प्लेटवर ४,८०० फेरे लिहिले असतील, तर दातांचा वेग ताशी २३० किलोमीटरच्या आसपास भरतो. त्या झटक्याला हात आवरत नाही.

ढकलताना हेच सगळं आपल्या बाजूचं होतं. ब्लेडची ओढ तुमच्याकडे आणि तुमचा जोर तिच्या विरुद्ध, त्यामुळे वेग तुमच्या मुठीत राहतो. तळाचे दात फळीला फेन्सवर दाबून धरतात. मात्र पुढे शिरणारे दात खालून वर येत असल्यामुळे फळी किंचित उचलू पाहतात. मशीनबरोबर येणारा उभा क्लॅम्प त्यासाठीच असतो. तो डब्यात पडून राहायला दिलेला नाही. लॅमिनेट लावलेल्या प्लायची वरची कड ढकलताना का उडते, तेही यातच आलं. अशा फळीची चांगली बाजू खाली ठेवा.

मग ओढायची सवय आली कुठून? तिच्यामागे एक जुनं मशीन आहे. अमेरिकेत १९२०च्या दशकात रेमंड डिवॉल्ट यांनी रेडियल आर्म सॉ बनवला आणि १९२४ साली पेनसिल्व्हेनियात कंपनी काढली. आजच्या पिवळ्या-काळ्या मशीनवरचं नाव त्यांचंच. त्या मशीनमध्ये मोटर वरच्या आडव्या हातावर लटकते, फेन्सच्या मागे उभी असते आणि फळी कापताना तिला पुढे, स्वतःकडे ओढतात. तिथेही ब्लेड अंगावर यायला बघतंच, म्हणून ते चालवणारे हात ताठ ठेवून तिला अडवत अडवत ओढायला शिकत. दिसायला आपलं मशीन त्याचं धाकटं भावंड वाटतं, पण याची बांधणी ढकलण्यासाठी आहे. गार्ड कसा उघडतो आणि मूठ कुठल्या कोनात बसवली आहे, एवढं पाहिलं तरी ते कळतं.

आपल्याकडे मात्र ओढण्याचं कारण मला वेगळंच दिसतं. कोथरूडला एका नव्या फ्लॅटच्या कामावर पाहिलेलं सांगतो. मशीन टाइल्सच्या खोक्यावर, म्हणजे जमिनीपासून वीतभर उंच. मिस्त्री उकिडवे बसलेले, डावा पाय बीडिंगच्या पट्टीवर दाबलेला, गळ्यात टॉवेल. बसलेल्या माणसाला मुंडकं फेन्सकडे ढकलायला खांद्याचा जोर मिळत नाही. ओढणंच सोपं जातं. पायानं लाकूड धरून जमिनीवर काम करणं ही आपल्या सुतारांची पिढ्यान्‌पिढ्यांची पद्धत, आणि हातकरवतीला, रंध्याला ती उत्तम शोभते. त्या हातांबद्दल मला फार आदर आहे. म्हणूनच कळकळीनं सांगतो, हे मशीन कमरेच्या उंचीवर घ्या. दोन घोड्यांवर जाड प्लाय टाकून त्याला बोल्टनं आवळा, दोन्ही बाजूंना फळीला आधार द्या. उभं राहिलात की ढकलणं आपोआप जमतं, आणि पाय, गुडघा, तोंड ब्लेडच्या रेषेतून बाहेर जातं. टॉवेल काढून ठेवा, सैल हातमोजे नकोतच.

आता हाताची चाल. प्लग काढून एकदा कोरडी करून बघा, म्हणजे मुंडकं क्लॅम्पला किंवा फेन्सला अडतंय का ते समजेल. मग खरी. मोटर बंद असताना मुंडकं पूर्ण स्वतःकडे घ्या. स्विच दाबा, ब्लेडला पूर्ण वेग घेऊ द्या. फळीच्या अलीकडच्या कडेवर सावकाश खाली उतरवा, पूर्ण खोल. मग एका चालीत फेन्सकडे ढकला. काप संपला की मुंडकं खालीच ठेवून स्विच सोडा, ब्लेड थांबू द्या आणि नंतर वर उचला. फिरतं ब्लेड वर घेतलं तर सुटा तुकडा दातात सापडून उडतो. डावा हात ब्लेडच्या रेषेपासून वीतभर लांब. तेवढी जागा उरत नसेल, तर तो तुकडा हातानं धरण्याजोगा नाही, क्लॅम्प लावा. बाक आलेली फळी असेल तर तिची फुगीर बाजू फेन्सला टेकवा, नाहीतर शेवटी काप मिटतो आणि ब्लेड आवळलं जातं. चार-पाच इंची पट्ट्यांना सरकवण्याची गरजच नाही. मुंडकं मागे नेऊन त्याचा नॉब आवळा आणि साधं वरून खाली कापा.

सांगलीकरांची बारा इंची फळी आता समोर घेऊ. ओढताना ब्लेड चढतं, माणूस ते अडवतो आणि त्या ओढाताणीत मुंडकं बाजूला झुकतं. तेव्हा आधी ढकलत कापून बघा. तरीही फरक उरला, तर गुण्या चुकीच्या गोष्टीला लावला होता. त्यांनी तो उभ्या असलेल्या ब्लेडला लावला. बारा इंची फळीत महत्त्वाचा असतो ब्लेडचा मार्ग, आणि तो दांड्या ठरवतात.

मार्ग असा तपासतात. प्लग काढा. ब्लेडच्या एका दातावर मार्करनं खूण करा. मोठा गुण्या फेन्सला टेकवून बैठकीवर आडवा ठेवा. मुंडकं पुढे घेऊन, खाली दाबून, खुणेचा दात गुण्याच्या पात्याला जेमतेम टेकेल असं करा. ब्लेड न फिरवता मुंडकं मागे सरकवा. दात शेवटपर्यंत तसाच टेकत गेला तर मार्ग सरळ आहे. दात पात्यापासून सुटू लागला किंवा त्यावर घासू लागला, तर फेन्सचे स्क्रू सैल करून फेन्स त्या मार्गाशी काटकोनात आणा. पाव अंशाचा फरकसुद्धा बारा इंचांत सव्वा मिलिमीटरहून जास्त होतो.

मार्ग काटकोनात आणल्यावर ब्लेडची चकती तिरकी दिसू लागली, तर ब्लेड आणि दांड्या समांतर नाहीत. कापावर दोन्ही दिशांचे अर्धगोल ओरखडे आणि जळकट डाग ही त्याची खूण. बहुतेक मशीनमध्ये ही जुळवणी कारखान्यातच होते, घरी खोलत बसू नका, सर्व्हिस सेंटरला न्या.

शेवटची परीक्षा एमडीएफच्या तुकड्यावर घ्या. दहा इंच रुंद आणि दोन्ही कडा समांतर असलेला घ्या. मधून कापा, एक अर्धा उलटा करा आणि दोन्ही अर्धे फेन्सला टेकवून कापलेल्या कडा भिडवा. जी फट दिसेल ती खऱ्या चुकीच्या दुप्पट असते, म्हणून ही परीक्षा गुण्यापेक्षा कडक. फेन्सचे स्क्रू आवळताना फेन्स केसभर सरकतो, तेव्हा आवळल्यावर पुन्हा एक तुकडा कापा. फट गेली की मगच स्केलचा काटा शून्यावर आणा. पुढच्या आठवड्यात बेव्हल.