पदवीनंतरची वाट
लेखांक सहावा : गणित घेऊन पुढे काय?

गेल्या लेखांकात रसायनशास्त्राच्या पदवीधरांचा विचार झाल्यानंतर या आठवड्यात गणिताकडे वळावयाचे आहे; आणि ज्या विषयाबद्दल आपल्या चारकोपातील पालकांच्या मनात अतोनात आदर व तितकीच धास्ती एकत्र नांदते, असा गणितासारखा दुसरा विषय नाही, हे आरंभीच नमूद केले पाहिजे. मुलगी गणितात हुशार असल्याचा अभिमान घरोघर असतो. परंतु तीच मुलगी बारावीनंतर अभियांत्रिकीचा अर्ज न भरता गणित घेऊन बी.एस्‌सी. करते म्हणाली, की ‘म्हणजे पुढे शिक्षिकाच होणार ना?’ असा प्रश्न, त्या पेशात जणू काही कमीपणा असावा अशा स्वरात, विचारला जातो. या प्रश्नाला तपशीलवार उत्तर देण्याची आजची तजवीज आहे.

महाविद्यालयातील गणिताचे स्वरूप शाळेतल्या गणिताहून इतके भिन्न असते, की बारावीला नव्वदांवर गुण मिळवलेली मुलेही पहिल्या सहामाहीत गांगरतात. एक, एकद्वितीयांश, एकतृतीयांश, एकचतुर्थांश अशी पदांची मांडणी करीत गेले, तर ती शून्याजवळ सरकत जातात, हे शाळकरी मुलालाही दिसते. पण प्रथम वर्षाच्या वर्गात ‘दिसते’ हा पुरावा दाखल करून घेतला जात नाही. समोरच्याने कितीही लहान धन संख्या सांगावी, समजा एक सहस्रांश, आणि अमुक पदापासून पुढची यच्चयावत पदे तिच्याहून लहान आहेत, येथे १००१व्या पदापासून, हे विद्यार्थ्याने सिद्ध करून द्यावे, असा तेथला कायदा. आपण जे खरे मानतो ते कोणत्या आधारावर, हे स्वतःलाच विचारण्याची ही सवय तीन वर्षांत अंगी बाणली, तर पदवीचे सार्थक झाले असे मी समजतो. आणि ती न बाणता केवळ सिद्धता पाठ करून मिळवलेल्या पहिल्या वर्गाची किंमत मला फारशी वाटत नाही.

या सवयीतून काय निपजू शकते, याचा दाखला आपल्याच मुलखातला आहे. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे १९३२ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयातून गणित घेऊन पदवीधर झाले, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात संख्याशास्त्र शिकले, आणि पुढे दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत रुजू झाले. पिकाचा अंदाज त्या काळी महसुली अंमलदार नजरेने बांधीत. आपल्याकडची आणेवारी ती हीच. तिच्या जागी, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी शेते निवडून, प्रत्येक शेतात ठरावीक मापाचा तुकडा आखून, त्यातले पीक कापून तोलण्याची पद्धत सुखात्मे व त्यांचे सहकारी रुजवीत होते. तुकडा लहान घेतला तर श्रम आणि खर्च दोन्ही वाचतात; परंतु अशा लहान तुकड्यांवरून काढलेले उत्पन्न वास्तवाहून अधिक भरते, हे सुखात्म्यांनी प्रयोगांती दाखवून दिले. कडेवरचे रोप आत धरावे की बाहेर, असा संशय आला, की कापणाऱ्याचा हात ते आत घेतो. आता एक मीटर बाजूच्या चौरसाचे क्षेत्रफळ १ चौरस मीटर आणि परिमिती ४ मीटर; दहा मीटर बाजूच्या चौरसाचे क्षेत्रफळ १०० चौरस मीटर आणि परिमिती ४० मीटर. म्हणजे दर चौरस मीटरमागे पहिल्या तुकड्याला ४ मीटर कड, तर दुसऱ्याला अवघी ०.४ मीटर, आणि चूक शिरते ती कडेनेच. ही भूमिती शाळेतली आहे, पण देशाच्या धान्याचा हिशेब तिच्यावाचून फुगत होता, हे ओळखावयास गणित मुरलेला माणूस लागला. १९५१ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने रोम येथील आपल्या संख्याशास्त्र विभागाची धुरा त्यांच्याकडे सोपवली.

सुखात्म्यांच्या कारकिर्दीत लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की गणिताला त्यांनी वेळीच दुसऱ्या विद्येची जोड दिली. याला आपल्या वसाहतीचीच उपमा देता येईल. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९८०च्या दशकात म्हाडाने चारकोपची वसाहत आखली, तेव्हा बहुतेक कुटुंबांना आखलेला भूखंड, पाणी आणि गटारे मिळाली, आणि घर ज्याने त्याने ऐपतीनुसार मजल्यावर मजला चढवीत उभारले. गणिताची पदवीही अशीच भूखंड देते, वरचे बांधकाम विद्यार्थ्याने करावयाचे असते.

ते बांधकाम कोणते? विमागणिती, ज्याला सर्रास ॲक्च्युअरी म्हणतात, त्याचे उदाहरण घेऊ. समान वयाच्या हजार माणसांपैकी वर्षभरात दोघांचा मृत्यू संभवतो आणि प्रत्येकी दहा लाख द्यावयाचे आहेत असे धरले, तर माणशी हप्ता किमान दोन हजार रुपये हवा. हा त्या व्यवसायाचा ओनामा. पुढची गुंतागुंत व्याज, आयुर्मान आणि शक्याशक्यता यांची असून, त्या व्यवसायाच्या परीक्षा कठीण व दीर्घ मुदतीच्या असल्या, तरी प्रवेशपरीक्षा बारावीनंतरच देता येते. लोकसंख्येच्या अभ्यासासाठी देवनारला १९५६ पासूनची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. भारतीय सांख्यिकी सेवेचा हुद्दा मनात असेल, तर एक अट आधीच ध्यानी धरावी: पदवीला संख्याशास्त्र हा विषय नसल्यास, त्यात पदव्युत्तर पदवी मिळवल्यावाचून त्या परीक्षेचा अर्ज चालत नाही. निव्वळ गणिताचीच ओढ असलेल्यांनी आय.आय.टी.तील एम.एस्‌सी.साठी ‘जॅम’ ही प्रवेशपरीक्षा द्यावी, आणि मुंबई विद्यापीठाचे तत्कालीन प्राध्यापक एस. कुमारेसन यांनी १९९३ साली सुरू केलेल्या एम.टी.टी.एस. या गणिताच्या उन्हाळी शिबिरासाठी पदवी चालू असतानाच खटपट करावी. तेथे पाठांतराला थारा नाही. संगणकाच्या नोकऱ्यांविषयी सारेच जाणतात, म्हणून विस्तार करीत नाही.

राहता राहिला शिक्षकीचा प्रश्न. डहाणूला १९०५ साली जन्मलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे बी.एस्‌सी. एवढ्या पदवीवर देवळालीच्या शाळेत निवृत्तीपर्यंत शिकवीत राहिले, आणि ६१७४ ही संख्या आज जगभर त्यांच्या नावाने ओळखली जाते. मुलगी शिक्षिका होणार असेल, तर त्यात कमीपणा कसला?

चारकोपहून माटुंग्याच्या किंवा विलेपार्ल्याच्या महाविद्यालयात जाणाऱ्या, अथवा कांदिवलीतच शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना माझी विनंती एवढीच आहे, की जोडविद्येचा निर्णय पदवीच्या निकालानंतर न घेता दुसऱ्या वर्षापूर्वी घ्यावा, आणि या जूनमध्ये प्रवेशअर्ज भरताना दुय्यम विषयाचा रकाना मैत्रिणीने काय लिहिले ते पाहून भरू नये. शक्य असेल तेथे त्यात संख्याशास्त्र लिहावे. विमागणितीच्या परीक्षांचे टप्पे, त्यांचा खर्च आणि तयारी यांचा विचार पुढील लेखांकी करू.