डीएनएचे एक अक्षर आणि ग्राफीनचे छिद्र

सिकलसेलच्या शिबिरात एका गरोदर ताईने मला विचारले होते, "आम्ही दोघेही एएस निघालो. पोटातल्या बाळाचे आत्ताच कळेल का?" कळते. पण त्यासाठी आईच्या रक्ताची साधी तपासणी पुरत नाही. बाळाचा डीएनए तपासावा लागतो आणि ती सोय मोजक्या शहरांतच आहे. मग डीएनए वाचणारे यंत्र तालुक्याच्या दवाखान्यात कधी येईल? या प्रश्नाशी जोडलेले एक संशोधन आज समजून घेऊ.

डीएनए ही ए, टी, जी, सी या चार अक्षरांची लांबच लांब साखळी आहे. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या एका जनुकात 'ए'च्या जागी 'टी' आलेला असतो. बदल एवढाच, पण त्याने लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात. हा कुणाच्या पापाचा किंवा जातीचा दोष नाही. जिथे मलेरिया फार होता, तिथे हा बदल टिकून राहिला, कारण एएस माणसाला गंभीर मलेरियापासून थोडे संरक्षण मिळते.

हे एक अक्षर वाचायचे कसे? मिठाच्या पाण्याचे दोन कप्पे करा. मध्ये पडदा ठेवा आणि पडद्याला अतिसूक्ष्म छिद्र पाडा. विजेचा दाब दिला की मिठाचे भारित कण छिद्रातून वाहतात आणि हा प्रवाह मोजता येतो. डीएनएवर ऋण भार असतो, म्हणून तोही छिद्रातून धन टोकाकडे ओढला जातो. अरुंद दारातून माणूस जाताना उजेड अडतो, तसा त्याच्यामुळे प्रवाह अडतो. कोणते अक्षर जात आहे, त्यावर हा अडथळा कमी-जास्त होतो.

अडचण पडद्याच्या जाडीची आहे. पडदा जाड असेल तर छिद्रात एकाच वेळी अनेक अक्षरे असतात आणि वाचन गोंधळते. इथे ग्राफीन उपयोगी पडते. पेन्सिलीच्या शिशातल्या ग्राफाइटचा फक्त एका अणूइतका जाड थर म्हणजे ग्राफीन. 2004 मध्ये मँचेस्टरच्या आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोवोसेलोव्ह यांनी साध्या चिकटपट्टीने तो वेगळा केला. 2010 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. या थराची जाडी सुमारे 0.34 नॅनोमीटर आहे आणि डीएनएच्या दोन शेजारच्या अक्षरांतले अंतरही जवळपास तेवढेच आहे. 2010 मध्येच अमेरिकेतील हार्वर्ड व पेनसिल्व्हेनिया आणि नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथील गटांनी ग्राफीनच्या छिद्रातून डीएनए जाताना टिपला.

पण टिपणे वेगळे आणि वाचणे वेगळे. डीएनए छिद्रातून फार वेगाने निघून जातो, ग्राफीनला चिकटतो, विजेच्या संकेतात खरखरही असते. त्यामुळे ग्राफीनचे छिद्र अजून प्रयोगशाळेतच आहे. याच तत्त्वावर, पण प्रथिनाचे छिद्र वापरणारे, हातात मावणारे मिनआयन हे यंत्र मात्र वापरात आहे. 2015 मध्ये आफ्रिकेतील गिनी देशात इबोलाच्या साथीत ते सामानाच्या बॅगांतून नेले आणि विषाणूची अक्षरे तिथल्या तिथे वाचली. यंत्र लहान झाले की तपासणी माणसाजवळ जाते, ती अशी.

तोवर आपण थांबायचे का? मुळीच नाही. विदर्भात आदिवासी बांधवांप्रमाणे आपल्या बौद्ध समाजातही सिकलसेल पुष्कळ आढळतो. सोल्युबिलिटी ही पहिली तपासणी रक्ताच्या थोड्याशा थेंबांवर होते. ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करून एएस की एसएस हे पक्के करून घ्या. दोघेही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस असण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून ही तपासणी लग्न ठरण्याआधीच करावी. आधीच गरोदर असाल तर तिसरा महिना उलटण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. पुढचा निर्णय त्या आईबापाचा.

'नॅनो', 'ग्राफीन' अशी नावे सांगून कुणी महागडी तपासणी विकू लागले, तर वंदनेतला एहिपस्सिको आठवा. ती तपासणी कोणत्या सरकारी दवाखान्यात मान्य आहे, हे आधी विचारा. आणि नवे यंत्र खरोखर येईल, तेव्हा ते आपल्या तालुक्यातही यावे ही मागणी आजपासूनच ग्रामसभेत मांडा.

जय भीम!