हेडफोन लावून तो कुणाशी बोलतो?

रविवारची दुपार. पानं वाढून झाली आहेत. तुम्ही दोनदा हाक मारलीत, तर चिरंजीव (किंवा चिरंजीवांचे वडील!) हात वर करून तुम्हालाच गप्प करतात. कानाला हेडफोन, समोर पडद्यावर विमान आणि तोंडानं इंग्रजी आकड्यांचा जप. तुम्ही म्हणता, हे काय नवं खूळ?

खूळ तसं जुनंच आहे, मैत्रिणींनो. संगणकावर विमान ‘उडवायचा’ मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर १९८२ मध्येच आला. त्यात भर पडली ती बोलण्याची. २००१ पासून व्हॅटसिम नावाचं एक जागतिक जाळं इंटरनेटवर चालतं. हौशी वैमानिक आपापल्या घरून त्याला जोडले जातात, आणि दुसरे हौशी लोक आपापल्या घरी बसून त्यांचे कंट्रोलर होतात. सगळं स्वयंसेवी आणि फुकट. म्हणजे पलीकडून बोलतो तो खराखुरा माणूस असतो, यंत्र नव्हे.

हा माणूस परवानग्या देतो. आधी मार्गाची, मग इंजिन सुरू करण्याची, मग धावपट्टीपर्यंत जाण्याची, मग उड्डाणाची. खऱ्या विमानतळावर या कामांना वेगवेगळी माणसं आणि वेगवेगळ्या रेडिओ फ्रिक्वेन्सी असतात. सरकारी कचेरीतल्या खिडक्यांसारखं म्हणा ना, फक्त इथे ‘उद्या या’ म्हणत नाहीत. हौशी जाळ्यावर कधी कधी एकच जण सगळ्या खिडक्या सांभाळतो.

पण खरी गंमत आहे ती परत म्हणून दाखवण्यात. तुम्ही वाण्याला फोनवर यादी सांगता, तेव्हा चांगला वाणी काय करतो? ‘तूरडाळ दोन किलो, साबुदाणा अर्धा किलो’ असं तुम्हालाच वाचून दाखवतो. चुकलं असेल तर तुम्ही तिथेच थांबवता. अगदी तसंच कंट्रोलर म्हणतो, ‘टर्न लेफ्ट, हेडिंग टू सेव्हन झिरो’. वैमानिकानं ते आकडे आणि आपल्या विमानाचं नाव परत म्हणायचं, आणि कंट्रोलरनं कान देऊन ऐकायचं. दिशा, उंची, वेग, धावपट्टीचा क्रमांक, हवेच्या दाबाचा आकडा, हे सगळं परत म्हणावंच लागतं. सिनेमात ऐकतो ते नुसतं ‘रॉजर’ इथे चालत नाही. रॉजर म्हणजे ‘तुमचं बोलणं पोचलं’, एवढंच. बरोबर पोचलं का, ते त्यातून कळत नाही.

आकडेही सुटे सुटे म्हणायचे. आपल्याकडे फोनवर एकोणसत्तर की एकोणऐंशी, असा घोळ होतोच ना? तिकडे फिफ्टी आणि फिफ्टीनचा होतो.

एवढा काटेकोरपणा कशासाठी, याचं उत्तर फार दुःखद आहे. २७ मार्च १९७७. स्पेनच्या ताब्यातल्या टेनेरीफ बेटावर दाट धुकं. एकाच धावपट्टीवर दोन जंबो विमानं, एक केएलएम कंपनीचं, दुसरं पॅन ॲमचं. केएलएमला फक्त मार्गाची परवानगी मिळाली होती, पण त्या वाक्यात ‘टेक-ऑफ’ हा शब्द होता. सहवैमानिकानं ती परत म्हटली आणि शेवटी ‘आम्ही आता टेक-ऑफला आहोत’ अशा अर्थाचं काहीतरी जोडलं. कंट्रोलरला वाटलं, विमान थांबलेलं आहे. तो ‘ओके’ म्हणाला, आणि मग ‘थांबा, मी सांगतो’. नेमक्या त्याच क्षणी पॅन ॲमचा वैमानिक सांगत होता की आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत. दोन आवाज एकमेकांवर चढले आणि केएलएमच्या वैमानिकांना स्पष्ट ऐकू आलं ते एवढंच: ओके. विमान तोवर धावायला लागलेलं होतं. ५८३ माणसं गेली.

त्यानंतर नियम झाला, ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा. एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचं. घरातल्या खोलीत बसलेला तुमचा मुलगाही हा नियम पाळतो, आणि चुकला तर पलीकडचा त्याला टोकतो.

मला स्वतःला यातली एक गोष्ट फार आवडते. मराठी शाळेतली कितीतरी मुलं इंग्रजी बोलायला बिचकतात. चुकलं तर हसतील, ही भीती. इथे वाक्यं ठरलेली, शब्द मोजके, आणि ऐकू आलं नाही तर ‘से अगेन’ म्हणायची मुभा. पुन्हा विचारणाऱ्याला कुणी नावं ठेवत नाही. अंदाजानं हो म्हणणं मात्र चूक धरली जाते. अर्थात सगळेच कंट्रोलर गोडबोले नसतात. गर्दीच्या वेळी नवखा मुलगा भांबावतो. त्याला आधी काही दिवस नुसतं ऐकू द्या, आणि पहिली उड्डाणं लहान, शांत विमानतळावरून करायला सांगा.

आता जेवणाचं. या जाळ्यावर कंट्रोलर असताना त्याच्या परवानगीशिवाय विमान मध्येच थांबवून ठेवता येत नाही, कारण मागे दुसरी विमानं असतात. मुंबई ते नागपूर म्हणजे खऱ्यासारखाच दीड तास. म्हणून निघण्यापूर्वीच विचारा, ‘कुठे चाललायस, कधी उतरणार?’ आणि मगच कुकर लावा. अमेरिकेत १९८१ पासून नियम आहे की विमान दहा हजार फुटांच्या खाली असताना वैमानिकांनी कामाखेरीज बोलू नये. तोच तुम्हीही धरा. विमान वर जाऊन स्थिरावलं की खुशाल बोला, चहाही न्या.

पैशाचं म्हणाल तर विमानाचं महागडं सुकाणू आधी घेऊ नका. बोलण्यासाठी माइक असलेला साधा हेडफोन पुरतो. तेरा वर्षांखालच्या मुलांना व्हॅटसिम सदस्यत्व देत नाही. विमान पळवण्याचा खेळ तिथे मुळीच चालत नाही. अपहरणाचा ७५०० हा संकेत-आकडा लावला तर सदस्यत्व धोक्यात येतं. मुलाला हे आधीच सांगून ठेवा. आणि या तासांवर वैमानिकाचा परवाना मिळेल, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. घरच्या संगणकावरचे तास त्यासाठी मोजत नाहीत.