पोलीस नियोजन व कार्यलक्ष्ये, शहरी

शहराच्या पोलीस दलाने ठराविक मुदतीत कोणती कामे अग्रक्रमाने करावयाची, त्यांसाठी उपलब्ध मनुष्यबळ, वाहने व निधी यांची वाटणी कशी करावयाची आणि त्या कामांची फलनिष्पत्ती कोणत्या मापांनी तपासावयाची, हे आगाऊ ठरविण्याची प्रशासकीय प्रक्रिया. तिचे तीन स्तर मानले जातात : सामान्यतः तीन ते पाच वर्षांची दूरगामी योजना, तिच्या आधारे आखलेला वार्षिक कार्यक्रम आणि त्या कार्यक्रमातून प्रत्येक पोलीस ठाण्यास नेमून दिलेली कार्यलक्ष्ये. कारखान्याच्या उत्पादनाप्रमाणे पोलिसांच्या कामाची मोजदाद करता येत नाही. कारण न घडलेला गुन्हा व न उसळलेली दंगल हेच त्या कामाचे सर्वांत मोठे फलित असते. या शास्त्रातील बहुतेक अडचणींचे मूळ येथेच आहे.

महाराष्ट्रातील रचना : राज्यातील पोलीस दलाचे संघटन १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमानुसार (आताचा महाराष्ट्र पोलीस अधिनियम) झालेले आहे. दलावरील देखरेखीचा अधिकार या अधिनियमान्वये राज्य शासनाकडे आहे. मोठ्या शहरांसाठी पोलीस आयुक्तालये असतात; मुंबईखेरीज पुणे, नागपूर, ठाणे, नासिक, सोलापूर इ. शहरांत ती आहेत. इतरत्र शहर व ग्रामीण भाग एकाच जिल्हा पोलीस अधीक्षकाच्या अधिकारात येतात. धुळे शहराला २००३ मध्ये महानगरपालिका मिळाली. तथापि तेथे स्वतंत्र आयुक्तालय नाही. जिल्ह्याचे पोलीस दल अधीक्षकाच्या हाताखाली व नासिक परिक्षेत्राच्या विशेष पोलीस महानिरीक्षकाच्या देखरेखीखाली काम करते. अशा ठिकाणी नियोजनाचे प्रत्यक्ष साधन म्हणजे अधीक्षकाने घेतलेली मासिक गुन्हे आढावा बैठक आणि ठाण्याची वार्षिक तपासणी. दाखल गुन्हे, उघडकीस आलेले गुन्हे, प्रलंबित तपास, प्रतिबंधक कारवाया, समन्स व वॉरंटांची बजावणी यांचे तक्ते ठाणे अंमलदाराच्या नोंदींवरून तयार होतात आणि प्रभारी अधिकाऱ्याला त्यांचा जाब द्यावा लागतो.

स्थानिक परिस्थितीचा विचार : एकाच शहरातील सर्व ठाण्यांना सारखे लक्ष्य देणे सयुक्तिक नसते. पांझरा नदीच्या दक्षिणेस धुळ्याची जुनी पेठ व बाजारभाग आहे, तर उत्तरेकडील देवपूर हे महाविद्यालये, शाळा व निवासी वसाहती यांचे उपनगर. वस्ती वाढत गेल्यावर त्यासाठी देवपूर व पश्चिम देवपूर अशी दोन ठाणी झाली. दिवसा बंद राहणारी घरे, घरापुढे उभी केलेली दुचाकी वाहने आणि महाविद्यालयांच्या परिसरातील मुलींची सुरक्षितता हे अशा वसाहतींतील नित्याचे प्रश्न असतात. बाजारभागात गर्दीचे नियमन, मिरवणुकांचा बंदोबस्त आणि दोन समाजांतील सलोखा यांना अग्रक्रम द्यावा लागतो. शिवाय मुंबई–आग्रा व सुरत–नागपूर हे राष्ट्रीय महामार्ग धुळ्यात एकत्र येत असल्याने अपघात व मालवाहतुकीतील चोऱ्या यांचा भारही येथील दलावर पडतो. योजना आखताना प्रथम असे प्रश्न वस्तीनिहाय, वेळेनिहाय व ऋतूनिहाय मांडावे लागतात. गस्तीची आखणी, शिपायांच्या पाळ्या आणि नाकाबंदीची ठिकाणे त्यानंतर ठरतात.

मापे व त्यांच्या मर्यादा : पोलीस कार्याची मापे स्थूलमानाने चार प्रकारांत मोडतात : (१) साधनांची मापे (उदा., भरलेली पदे, वाहने), (२) कृतींची मापे (गस्ती, छापे, प्रतिबंधक कारवाया), (३) परिणामांची मापे (गुन्ह्यांचे प्रमाण, उघडकीचे प्रमाण, न्यायालयातील दोषसिद्धीचे प्रमाण, मदतीस पोहोचण्यास लागलेला वेळ), (४) जनविश्वासाची मापे (तक्रारदारांचे अनुभव, नागरिकांना वाटणारी सुरक्षितता). यांपैकी दुसऱ्या प्रकारची मापे गोळा करण्यास सर्वांत सोपी, म्हणूनच तक्त्यांत त्यांचा भरणा अधिक असतो.

नोंदविलेल्या गुन्ह्यांची संख्या हे माप विशेष फसवे आहे. समजा, एका ठाण्याच्या हद्दीत वर्षभरात १०० चोऱ्या झाल्या, त्यांपैकी ६० नोंदल्या गेल्या आणि १८ उघडकीस आल्या. उघडकीचे प्रमाण ३० टक्के झाले. पुढील वर्षी चोऱ्या तेवढ्याच झाल्या. परंतु प्रभारी अधिकाऱ्याने तक्रारदारांना परत न पाठविता ८० चोऱ्या नोंदविल्या व २० उघडकीस आणल्या. आता प्रमाण २५ टक्क्यांवर आले आणि ‘गुन्ह्यांत वाढ’ झाल्याची नोंद झाली. या अधिकाऱ्याने अधिक लोकांची दाद घेतली व अधिक चोर पकडले. तक्त्यात मात्र तो मागे पडला. खुनासारख्या विरळ गुन्ह्यांत आणखी एक दोष संभवतो. चारांचे सहा झाले, तर वाढ ५० टक्के दिसते. पण तीवरून काहीच निष्कर्ष निघत नाही. अशा वेळी अनेक वर्षांची सरासरी पाहणे इष्ट ठरते.

महाराष्ट्रातील ठाण्यांत दंड संहितेखालील गुन्हे भाग १ ते ५ मध्ये, तर दारूबंदी, जुगार यांसारख्या विशेष कायद्यांखालील गुन्हे भाग ६ मध्ये नोंदविण्याची परंपरा आहे. पहिल्या गटातील नोंद बहुधा नागरिकाच्या फिर्यादीवरून होते. दुसऱ्या गटातील नोंद बव्हंशी पोलिसांच्या स्वतःच्या कारवाईतून होते. त्यामुळे भाग ६ मधील आकडा अवैध धंद्यांचे प्रमाण दाखवीत नाही, तर पोलिसांनी किती छापे घातले एवढेच दाखवितो. या आकड्याला लक्ष्य ठरविल्यास लहान दारूविक्रेत्यावर वरचेवर गुन्हे दाखल करून ते पुरे करता येते आणि मोठा पुरवठादार तसाच राहतो.

नोंदणी टाळण्याची प्रवृत्ती : धरमवीर यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय पोलीस आयोगाने (१९७७–८१) आठ अहवाल सादर केले. गुन्हा न नोंदविण्याच्या प्रवृत्तीची त्याने गंभीर दखल घेतली आणि आठव्या अहवालात पोलीस कार्याच्या उत्तरदायित्वाचा विचार केला. सर्वोच्च न्यायालयाने ललिताकुमारी प्रकरणात १२ नोव्हेंबर २०१३ रोजी असा निर्णय दिला, की दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यास प्रथम खबर नोंदविणे बंधनकारक आहे. प्राथमिक चौकशीस केवळ काही प्रकरणांत मुभा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने हद्दीचा प्रश्न बाजूला ठेवून कोणत्याही ठाण्यात माहिती नोंदविण्याची तरतूद केली. नोंदणी कायद्याने सक्तीची झाली असताना गुन्हे घटविण्याचे लक्ष्य त्याच अधिकाऱ्यावर लादणे, म्हणजे त्याला दोन परस्परविरोधी आज्ञा देणे होय. त्याची झळ अखेर तक्रारदारालाच लागते.

परदेशांतील अनुभव : न्यूयॉर्क शहराच्या पोलीस दलाने १९९४ मध्ये विल्यम ब्रॅटन यांच्या कारकीर्दीत ‘कॉम्पस्टॅट’ ही पद्धत सुरू केली. ताज्या आकडेवारीचे नकाशे समोर ठेवून विभागप्रमुखांना नियमित बैठकीत जाब विचारला जाई. साधने योग्य ठिकाणी वळविण्यास तिचा उपयोग झाला. परंतु गुन्ह्यांचे स्वरूप सौम्य करून नोंदविण्याचे दडपण वाढल्याचे निवृत्त अधिकाऱ्यांच्या पाहणीतून पुढे आले. इंग्लंड व वेल्समध्ये १९९४ च्या कायद्याने राष्ट्रीय उद्दिष्टे व वार्षिक स्थानिक योजना आल्या. पुढे लक्ष्यांची संख्या फार वाढली आणि २०१० मध्ये केंद्रीय लक्ष्ये रद्द करण्यात आली. २०१४ मध्ये तेथील पोलीस निरीक्षणालयाने पोलिसांना कळविलेल्या गुन्ह्यांपैकी सु. १९ टक्के नोंदलेच जात नसल्याचे दाखवून दिले. हे अंतर उमगण्यास तेथे घरोघर विचारणा करणारी, १९८२ पासूनची स्वतंत्र गुन्हे पाहणीही उपलब्ध होती. भारतात १९५३ पासून प्रसिद्ध होणारी गुन्ह्यांची वार्षिक आकडेवारी मुख्यतः पोलीस नोंदींवरच आधारलेली आहे.

प्रतिबंधाचे मूल्य : १९७० व १९८४ च्या दंगलींनी होरपळलेल्या भिवंडीत १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांतील सामान्य नागरिक व स्थानिक पोलीस त्यांत नियमितपणे एकत्र बसत. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत भीषण दंगली झाल्या, तेव्हा भिवंडी शांत राहिली. या बैठका गुन्हे तक्त्याच्या कोणत्याही रकान्यात बसणाऱ्या नव्हत्या.

धुळे जिल्ह्याचा अनुभव याची दुसरी बाजू दाखवितो. शहरात ऑक्टोबर २००८ मध्ये दंगल झाली. ६ जानेवारी २०१३ रोजी मच्छीबाजार परिसरात क्षुल्लक भांडणातून पुन्हा हिंसाचार उसळला आणि पोलिसांच्या गोळीबारात सहा जण मृत्युमुखी पडले. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांची जमावाने हत्या केली. अफवेची वार्ता वेळीच ठाण्यापर्यंत पोहोचणे, वस्तीतील माणसाला शिपायाचे नाव ठाऊक असणे, जमावाला पांगविण्याचे सौम्य उपाय हाताशी व सरावात असणे, या गोष्टी नियोजनाच्या कक्षेतील आहेत. मात्र उघडकीच्या टक्केवारीत त्या उमटत नाहीत.

सुधारणांची दिशा : प्रकाशसिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रत्येक राज्यात राज्य सुरक्षा आयोग नेमण्याचा आदेश दिला. व्यापक धोरण ठरविणे, दलाच्या कामाचे मूल्यमापन करणे व त्याचा अहवाल विधिमंडळापुढे ठेवण्यासाठी देणे, अशी कामे त्याच्याकडे सोपविण्यात आली. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस अधिनियमात दुरुस्ती करून या आयोगाची तरतूद केली. २०२५ मध्ये राज्य शासनाने शंभर दिवसांचा कार्यालयीन सुधारणा कार्यक्रम राबविला. संकेतस्थळ, स्वच्छता, तक्रार निवारण, क्षेत्रीय भेटी इ. सात मुद्द्यांवर पोलीस आयुक्तालये व अधीक्षक कार्यालये यांचेही त्यात मूल्यांकन झाले. कार्यालयाची शिस्त व नागरिकांची सोय मोजण्यास ही पद्धत उपयुक्त आहे. तपासाची गुणवत्ता मोजण्यास मात्र वेगळी मापे लागतात.

अभ्यासकांच्या मते कार्यलक्ष्यांबाबत काही पथ्ये पाळणे आवश्यक आहे. लक्ष्ये मोजकी असावीत व ठाण्याच्या अधिकाऱ्यांशी आणि नागरिकांशी विचारविनिमय करून ठरवावीत. गुन्ह्यांच्या घटत्या नोंदीस बक्षीस किंवा वाढत्या नोंदीस शिक्षा नसावी. उलट नोंदणीची निरपेक्ष तपासणी व्हावी. तपासाचे मोजमाप दोषारोपपत्रांच्या संख्येवर न थांबता न्यायालयाच्या निकालापर्यंत जावे. तक्रारदारास तपासाची प्रगती कळविली गेली की नाही, हे त्याच्याकडूनच विचारून घ्यावे. रिक्त पदे आणि बंदोबस्तासाठी वारंवार बाहेर जाणारे मनुष्यबळ लक्षात घेऊनच अपेक्षा ठरवाव्यात. कारण अपुऱ्या बळावर अवाजवी लक्ष्य लादले, तर ते कागदावरच पुरे होते. घरफोडी झालेला देवपूरमधील रहिवासी रात्री ठाण्यात गेला असता त्याची फिर्याद त्याच वेळी, त्याच्याच शब्दांत लिहून घेतली जाते काय, हा प्रश्न कोणत्याही योजनेच्या परीक्षेस पुरेसा आहे.