पगाराची तारीख नसलेल्या घराचं नियोजन

सल्लागार म्हणून शिकताना आपण पहिला धडा पाठ करतो: दरमहा उत्पन्न लिहा, खर्च वजा करा, ६ महिन्यांची शिल्लक ठेवा, मग एसआयपी. अमरावतीच्या नोकरदाराला हे लागू पडतं. पण अकोल्याकडचा कोरडवाहू शेतकरी समोर बसला की 'दरमहा' हाच रकाना रिकामा राहतो. सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या आसपास, पऱ्हाटीचा पुढे, तुरीचा त्यानंतर. आणि जूनमध्ये पेरणी. त्या महिन्यात एसआयपीचा हप्ता परत गेला, तर चूक आपली, त्याची नाही.

म्हणून आम्ही आधी कर्ज विचारतो. बघा, डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर व्याज शून्य पडतं. (पंजाबराव आपल्या अमरावती जिल्ह्यातलेच; अकोल्याचं कृषी विद्यापीठही त्यांच्याच नावाचं.) मुदत चुकली की सवलत गेली. २ लाखांवर ७ टक्क्यांनी वर्षाचे १४,००० रुपये, शिवाय पुढच्या हंगामाचं कर्ज अडतं ते वेगळंच. चुकारा हाती आला त्याच दिवशी पॉलिसी गळ्यात मारणारा हे सांगणार नाही. त्याचं कमिशन पॉलिसीत आहे.

बरं, बिनव्याजी कर्ज ३ महिने आधी फेडायचीही घाई नको. तेवढी रक्कम मुदतीच्या आठवडाभर आधी संपेल अशा ठेवीत ठेवायला सांगा. बचत खात्यात ठेवली तर लग्नसराईत ती उरत नाही, हे आम्ही वारंवार पाहिलंय. मग पेरणीचे पैसे, पोरांची फी, आरोग्य विमा, आणि उरलं तर गुंतवणूक. एकरकमी असली तरी चालेल.