वरच्याचे पाणी, खालच्याचा पूर

२५ सप्टेंबर २०१९च्या रात्री पुण्यात आंबील ओढ्याला पूर आला. कात्रजच्या डोंगरउतारावरून निघून शहराच्या दक्षिण भागातून मुठेला मिळणारा हा ओढा काही तासांत घराघरांत शिरला. भिंती कोसळल्या, गाड्या वाहून गेल्या, पुणे आणि परिसरात वीसहून अधिक माणसे दगावली. नंतर चर्चा झाली ती प्रामुख्याने ओढ्याकाठच्या अतिक्रमणांची. ती आवश्यकच होती. पण ओढ्यात पाणी येते ते वरून. वरच्या उतारांवर गेल्या काही दशकांत जे बांधले गेले, त्याने पाण्याचे वागणे कसे बदलले, हा प्रश्न त्या चर्चेत मागे पडला. या लेखाचा विषय तोच आहे.

जमिनीत न मुरता पृष्ठभागावरून वाहून जाणाऱ्या पाण्याला पाणलोटाच्या परिभाषेत ‘अपधाव’ म्हणतात. शब्द जड असला तरी त्यातली ‘धाव’ महत्त्वाची आहे. अपधाव मोजण्याचे सर्वांत साधे सूत्र आयर्लंडमधील अभियंता मल्व्हनी याने १८५१ साली मांडलेल्या विचारातून आले, आणि आजही लहान क्षेत्रांसाठी जगभर वापरले जाते. त्यात तीन गोष्टींचा गुणाकार असतो : जमिनीचे क्षेत्र, पावसाची तीव्रता आणि पडलेल्या पावसापैकी किती हिस्सा वाहून जातो ते दाखवणारा गुणांक. गवताळ, मातीच्या जमिनीचा गुणांक साधारण ०.२ धरला, तर छपरे, काँक्रीट आणि डांबर यांनी बहुतांश झाकलेल्या जमिनीचा ०.८च्या आसपास जातो.

हिशेब करून पाहू. एक हेक्टर जागेवर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर पडलेले पाणी पाच लाख लिटर. जागा गवताळ असताना त्यातले एक लाख लिटर बाहेर पडत होते. तिथे इमारती, वाहनतळ आणि रस्ते झाल्यावर चार लाख लिटर बाहेर पडते. उन्हाळ्यात सोसायटीत येणारा दहा हजार लिटरचा टँकर आपल्या परिचयाचा आहे. पूर्वी असे दहा टँकर उतारावरून खाली जात, आता चाळीस जातात.

घोटाळा एवढ्यावर थांबत नाही. गवतातून, खाचखळग्यांतून रेंगाळत येणाऱ्या पाण्याला ओढ्यापर्यंत पोचायला वेळ लागे. पागोळीचे पाणी पन्हळीतून पाइपात आणि पाइपातून थेट ओढ्यात गेले, की तोच प्रवास काही मिनिटांत होतो. त्यामुळे वेगवेगळ्या वेळी येणारे पाणी एकदम येते. शिवाय पावसाची छोटी सर बहुधा अधिक तीव्र असते. पूर्वी अशी सर ओसरेपर्यंत सगळ्या उताराचे पाणी ओढ्यात पोचतही नसे, आता पोचते. म्हणून पुराची कमाल पातळी गुणांकाच्या प्रमाणापेक्षाही जास्त वाढू शकते.

आपली जुनी व्यवस्था ‘पाणी शक्य तितक्या लवकर बाहेर काढा’ या तत्त्वावर उभी आहे. प्रत्येक भूखंड आपल्यापुरता यशस्वी होतो, आणि या सगळ्या यशांची बेरीज खालच्या वस्तीत पूर होऊन उतरते. गटारे मोठी करून हे भागत नाही. मुंबईची जुनी पर्जन्यजलवाहिनी व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पाऊस गृहीत धरून आखली होती. पुढे ५० मिलिमीटरचे उद्दिष्ट ठरले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्यातला मोठा भाग दुपारनंतरच्या थोड्या तासांत कोसळला.

उपाय उगमाशीच करावा लागतो. नव्या बांधकामामुळे भूखंडाबाहेर जाणाऱ्या पाण्याचा कमाल वेग वाढता कामा नये, हे त्याचे सूत्र. सिंगापूरने २०१४पासून ०.२ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांना अशी अट घातली : सार्वजनिक गटारात पाणी सोडताना गुणांक ०.५५ धरून येईल त्यापेक्षा जास्त कमाल प्रवाह सोडायचा नाही. उरलेले पाणी आपल्या आवारात धरायचे आणि सावकाश सोडायचे.

‘आमच्याकडे पर्जन्यजलसंचयन सक्तीचे आहेच की,’ असे यावर कुणी म्हणेल. मोठ्या भूखंडांवर ते आहे. पण त्याचा हेतू वेगळा. साठवणीची टाकी भरलेली असावी लागते, पूर रोखणारी टाकी रिकामी. जुलैत काठोकाठ भरलेली टाकी सप्टेंबरच्या ढगफुटीसारख्या पावसात एक थेंबही अडवत नाही. पुनर्भरणाचा खड्डा उपयोगी खरा, परंतु दख्खनच्या बेसॉल्टवर मातीचा आणि मुरमाचा थर अनेक ठिकाणी पातळ आहे. खालचा घट्ट खडक तासाभराच्या मुसळधार पावसाच्या गतीने पाणी पिऊ शकत नाही. आणि इमारतीखाली दोन मजली तळघर खणले, की तो मुरूमही गेला. वाहनतळाच्या छतावरची हिरवळ डोळ्यांना बाग असते, पाण्याच्या लेखी ती कुंडी.

मग तीन लाख लिटर धरायचे कुठे? मोठ्या भूखंडांवर साधारण दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. हेक्टरामागे ती हजार चौरस मीटर. ही जागा भोवतालापेक्षा एक फूट खोल ठेवली, तिच्यात पाणी वळवले आणि बाहेर पडण्याची मोरी लहान ठेवली, तर तीन लाख लिटर तिथेच थांबते. वर्षातले बहुतेक दिवस मुले तिथे खेळतील; मोठ्या पावसात काही तास ते तळे असेल. अमेरिकेतील मेरीलँड राज्यात १९९०च्या दशकात अशाच खोलगट, झाडे लावलेल्या वाफ्यांचा प्रयोग रुजला.

दोन अडचणी मात्र ध्यानात ठेवल्या पाहिजेत. गाळ काढला नाही, तर दोन-चार पावसाळ्यांत मोरी तुंबते. आणि प्रत्येक प्रकल्पाने आपापले पाणी उशिरा सोडले, तर सगळी उशिराची पाणी खाली एकाच वेळी पोचू शकतात. म्हणून हिशेब भूखंडाचा करून पुरत नाही, तो ओढ्याच्या संपूर्ण पाणलोटाचा करावा लागतो.

हे शहाणपण महाराष्ट्राला परके नाही. शेताची ताल, बांध, समतल चर, नालाबांध ही सारी धावत्या पाण्याला चालायला लावण्याची साधने. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार यांनी ती माथ्यापासून पायथ्यापर्यंत क्रमाने वापरली. खेड्यात पाणी अडवणे टंचाईमुळे सुचले. शहराला ते पुरामुळे तरी सुचावे. आज प्रकल्पाच्या जाहिरातीत चटईक्षेत्र, वाहनतळ आणि तरणतलाव यांचे आकडे असतात. बांधकामाआधी या जागेतून किती पाणी बाहेर जात होते आणि आता किती जाईल, हे दोन आकडे परवानगीच्या फलकावर लिहिणे अवघड नाही. ते वाचण्याचा पहिला हक्क फ्लॅट घेणाऱ्याइतकाच ओढ्याच्या खालच्या काठावर राहणाऱ्याचाही आहे.