ऑर्गन नावाचा कीबोर्ड

नागभीडपासून वडसा-देसाईगंजपर्यंतच्या झाडीपट्टीत दिवाळी सरली की मंडईचे दिवस सुरू होतात. दिवसा शंकरपट, रात्रभर नाटक. रंगमंचापुढे बसलेल्या वादकांपैकी एकाला जाहिरातीत आजही ‘ऑर्गन’वादक म्हणतात. त्याच्या पुढ्यात असतो तो मात्र डिजिटल कीबोर्ड.

नाव टिकले त्याला कारण आहे. मूळ ऑर्गन म्हणजे पायाने भाता चालवायचे, पितळी स्वरपट्ट्यांचे वाद्य. हार्मोनियमचा भाता हवा बाहेर ढकलतो. अमेरिकी धाटणीचा ऑर्गन ती आत ओढतो, म्हणून त्याचा स्वर अधिक गोल आणि मऊ. हात दोन्ही मोकळे, शिवाय गुडघ्याची कळ दाबून आवाज फुलवता येई. गंधर्व नाटक मंडळीत हरिभाऊ देशपांडे ऑर्गनवर, कादरबक्ष सारंगीवर आणि थिरकवाँसाहेब तबल्यावर असत. झाडीतली नाटके ज्या संगीत रंगभूमीचा वारसा सांगतात, तिचा हा आवाज.

कीबोर्ड जुन्या वाद्याचा आवाज दोन रीतींनी काढतो. एक, खऱ्या वाद्याचा स्वर ध्वनिमुद्रित करून साठवायचा आणि पट्टी दाबली की वाजवायचा. दुसरी, वाद्य कसे चालते त्याचे गणित मांडून स्वर त्या क्षणी घडवायचा. १९३५चा हॅमंड ऑर्गन दुसऱ्या रीतीला सोयीचा आहे. त्याच्या प्रसिद्ध बी-३ मध्ये चुंबकांजवळ फिरणाऱ्या ९१ दातेरी चकत्या असतात. त्यांचे स्वर नऊ दांड्या ओढून कमीजास्त मिसळायचे. ऱ्होड्स पियानोत हातोडी पोलादी काडीवर पडते. जोरात मारले की स्वर गुरगुरतो. या दोन्हींच्या नकला आज थक्क करतात, कारण त्यांना पाश्चात्त्य बाजारात गिऱ्हाईक आहे.

आपल्या भात्याच्या ऑर्गनचे नशीब तसे नाही. १९९१ साली ठरलेल्या ‘जनरल मिडी’च्या १२८ आवाजांत दोन इलेक्ट्रिक पियानो, तीन-चार तऱ्हांचे ऑर्गन आणि २१व्या क्रमांकावर एकच ‘रीड ऑर्गन’ आहे. खर्जाची जाड पट्टी बोलायला क्षणभर उशीर करते, अनेक पट्ट्या दाबल्या की हवा वाटली जाते; साध्या कीबोर्डवरच्या त्या एका आवाजात हे उतरत नाही.

तरीही जुन्याचे गोडवे जपून गावेत. ऑर्गनला मींड कधीच घेता आली नाही. कीबोर्डच्या बाजूचे चाक फिरवले की निदान तिचा आभास होतो. गायक बदलला, काळी दोनवरून पांढरी चारवर जायचे, तर एक बटण पुरते. आकाशवाणीने १९४० ते १९७१ हार्मोनियमवर बंदी घातली, त्यामागे ठरीव स्वरांचाच आक्षेप होता. ऑर्गनही त्याच जातीचा. उलट आजच्या काही कीबोर्डांवर प्रत्येक स्वर सेंटच्या मापाने हलवता येतो. सेंट म्हणजे एका अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. शुद्ध गंधार सुमारे १४ सेंट उतरवला की तो तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधाराशी जुळतो. ही सोय क्वचितच वापरली जाते, याचे मला नवल वाटते.

पायाचे काम व्हॉल्यूम पेडल जोडून काही अंशी परत आणता येते. आवाजाचे मात्र कुणीतरी मनावर घ्यायला हवे. वाजता असलेला एखादा जुना ऑर्गन गाठून त्याच्या साधारण ६१ पट्ट्या, हलक्या आणि भरल्या भात्यावर, एकेक करून मुद्रित करणे हे दोन-तीन दिवसांचे काम आहे. करणाऱ्याने भात्याचा सुस्कारा आणि लाकडाची खटखट तेवढी पुसून टाकू नये.